लॅक्स्टनची बिनकुंपणाची शेते

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे लहानसे खेडे आहे. त्या देशात बहुतेक शेतांभोवती हिरव्या झुडपांची कुंपणे दिसतात. लॅक्स्टनच्या तीन विस्तीर्ण शेतांत मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या जमिनींमध्ये कुंपण नाही. असे का बरे?

सन १०८६ मध्ये विल्यम राजाने राज्यातील जमिनींची नोंद करविली. तीत लॅक्स्टनचे नाव आढळते. त्या काळी गाव व भोवतालची जमीन एका जहागीरदाराच्या ताब्यात असे. अशा जहागिरीस 'मॅनर' म्हणत. शेतकरी जमीन कसत आणि मोबदल्यात धान्य, पैसा किंवा श्रम देत. एका शेतात गहू पेरीत, दुसऱ्यात वसंत ऋतूतील पीक घेत. तिसरे पडीक ठेवीत, म्हणजे जमिनीचा कस भरून येई. दरवर्षी ही पाळी बदले. प्रत्येकाच्या वाट्यास लांबट पट्ट्या येत. त्याही तिन्ही शेतांत विखुरलेल्या. त्यामुळे सुपीक आणि हलकी जमीन सर्वांना मिळे. १६३५ मध्ये काढलेल्या गावाच्या नकाशात या पट्ट्या स्पष्ट दिसतात.

पुढे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी ठिकठिकाणची अशी शेते मोडून कुंपणे घालण्यात आली. उत्पन्न वाढले, परंतु सामाईक कुरणावर गाय चारणाऱ्या अनेक गरिबांचा आधार तुटला. लॅक्स्टनची शेते आकसली, तरी टिकली. ती जतन व्हावीत म्हणून १९५२ मध्ये सरकारच्या कृषिखात्याने ही जहागीर विकत घेतली. २०२० मध्ये ती पुन्हा जुन्या मालकांच्या थोर्सबी इस्टेटीकडे गेली.

मग कुंपणावाचून सीमा कोण राखतो? मॅनरचे जुने न्यायालय! नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच निवडलेले पंच गव्हाचे शेत पायी फिरून पाहतात आणि हद्दीच्या खुंट्या ठोकतात. आपण ज्याला बांध कोरणे म्हणतो, तसे कोणी सामाईक वाटेवर वा दुसऱ्याच्या पट्टीत नांगर घातला असेल, तर त्यास दंड होतो. आज दंड ठरविणाऱ्या पंचाची पट्टीही उद्या याच नियमाने तपासली जाते. म्हणून निवाडा सर्वांना मान्य होतो.

जहागीरदारांची जुनी सत्ता ओसरली. पण शेजाऱ्याची वीतभर जमीनही आपली नव्हे, हा नियम उरला. मुलांनो, ज्या गावात हा नियम मनापासून पाळला जातो, तेथे कुंपणाची उणीव भासत नाही.