फ्रान्समध्ये बुकिंग: आधी ‘बाँजूर’, मग बाकीचं

फ्रान्सला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, तिकीट खिडकीवर थेट प्रश्न विचारू नका. आधी ‘बाँजूर’ म्हणा. अभिवादन न करता बोलणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

मग ‘ज व्हुद्रे’, म्हणजे ‘मला हवं होतं’. पुढे ‘आँ बिये’ जोडलं की तिकीट, ‘यून शांब्र’ जोडलं की खोली. एकेरी प्रवास ‘आले सँप्ल’, परतीचा ‘आले-रतूर’. वेगवान टीजीव्ही गाडीला आरक्षण लागतंच. हॉटेलात ‘पती देजने काँप्री?’ असं विचारून नाश्ता भाड्यात धरलाय का, याची खात्री करा. ‘काँप्ले’ ऐकू आलं, तर जागा शिल्लक नाही.

खरी परीक्षा आकड्यांची. फ्रान्समध्ये 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-वीस आणि 92 म्हणजे चार-वीस-बारा. गाड्यांच्या वेळाही 24 तासांच्या घड्याळाने सांगतात. दुपारचे अडीच म्हणजे ‘कातोर्झ अर त्राँत’.

आडनावाचं स्पेलिंग सांगताना आम्हा जोशी मंडळींनी विशेष जपावं. इंग्रजीतल्या ‘जे’ला फ्रेंचमध्ये ‘झी’ म्हणतात आणि ‘जी’ला ‘झे’. फोनवर इथेच गफलत होते. म्हणून समोरासमोर असताना मी आडनाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहूनच पुढे करते.

व्याकरणाची धास्ती घेऊ नका. एवढी वाक्यं मोठ्याने म्हणून पाठ करा, शेवटी ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, जोडा आणि बेधडक बोला.