सापळा, पेशी आणि व्याधिक्षमत्व

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीच्या माझ्या चिकित्सालयात एका औषध कंपनीचा प्रतिनिधी माहितीपत्रक ठेवून गेला. ‘उंदरांवरील प्रयोगात शोथहर गुण सिद्ध’ हे वाक्य त्यावर ठळक छापलेले होते. घाटातील धुके व संततधार यांमुळे त्या दिवसांत श्वासाचे रुग्ण दारात असतातच. साहजिकच असे पत्रक वाचून हात त्या औषधाकडे जातो. परंतु उंदराच्या देहात शोथ कसा आवरला जातो, याचा विचार वैद्यांनी केला पाहिजे.

रक्तातील श्वेतपेशींजवळ प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात. न्यूट्रोफिल पेशी इलास्टेज वापरते, तर मारक टी-पेशी ग्रॅन्झाइम-बी. ही शस्त्रे रोगजंतू वा विकृत पेशींसाठी असली, तरी म्यानाबाहेर पडल्यास स्वकीयांनाही कापतात. त्यांना आवरणाऱ्या प्रतिबंधक प्रथिनांचे एक मोठे कुल म्हणजे सर्पिन. त्याची कार्यपद्धती उंदराच्या सापळ्यासारखी आहे. विकराने आमिषाचा भाग तोडताच सापळा मिटतो व विकर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकले जाऊन निकामी होते. या स्थितीची स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली.

रोगप्रतिकारक पेशींत या जनुकांचे कार्य काय? मारक टी-पेशीत सर्पिन-बी९ हे प्रथिन स्वतःच्याच ग्रॅन्झाइमपासून तिचे रक्षण करते. उंदराचा धाकटा जातभाई जो माऊस, त्यातील हे जनुक काढून टाकल्यावर मारक पेशी स्वतःच्याच शस्त्राने मरू लागल्या, असे २००६ साली दिसून आले. अर्थात प्रतिबंधक नसेल तर योद्धाच प्रथम पडतो.

मानवातील उदाहरण आपल्या श्वासरुग्णांच्या जवळचे आहे. अल्फा-१ अँटीट्रिप्सिन या सर्पिनची उणीव स्वीडनमध्ये लॉरेल व एरिक्सन यांनी १९६३ साली वर्णिली. ही उणीव असता इलास्टेज फुप्फुसाची लवचीकता नष्ट करते. धूम्रपानाने हानी अधिक वेगाने होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शोथाच्या अवस्थेत उंदराच्या रक्तात अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रतिबंधक प्रथिन फार मोठ्या प्रमाणात वाढते. मानवात ते जवळजवळ स्थिर राहते. तेथे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढते. सर्पिन-बी९ मानवात एक, तर मूषकवर्गात त्याची भावंडे अनेक. १९६२ पासून रूढ असलेल्या कॅराजीनन चाचणीत उंदराच्या पंजाची सूज काही तासांत उतरली, एवढ्यावरून मानवी फुप्फुसातील जीर्ण शोथ उतरेल असे म्हणता येत नाही. असा प्रयोग संशोधनाची पहिली पायरी असतो, चिकित्सेचा आधार नव्हे.

व्याधिक्षमत्व ही संकल्पना वैद्यांना परिचित आहे. सर्पिन म्हणजेच व्याधिक्षमत्व, असे सोपे समीकरण मात्र कोणी मांडू नये. बल म्हणजे केवळ प्रहार नव्हे, त्यात संयमही अंतर्भूत आहे, इतका बोध या जनुकांपासून अवश्य घ्यावा.

औषधविक्रेते व वैद्यबंधूंना विनंती आहे, की पत्रक हाती येताच तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, मात्रा किती होती आणि मानवावर परीक्षण झाले काय? मी त्या प्रतिनिधीला हेच विचारले. उत्तर मिळेपर्यंत ते पत्रक खणातच राहील. दारातील श्वासरुग्णास मी प्रथम विडी सोडण्यास सांगतो.