रात्रभर बोलणारा गळा
तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर, पेडण्यात आणि सिंधुदुर्गात, दशावतार रंगतो. लिखित संहिता नसते. नट उत्स्फूर्त संवादांवर रात्र जागवतात, स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. गळ्याची याहून कठीण परीक्षा कोणती?

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, स्त्रीचे २००च्या आसपास एकमेकांवर आपटतात. सतत ओरडल्याने त्यांवर लहान गाठी येऊ शकतात. पण धोका रंगमंचापुरता नाही. केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या इंजिनावर आवाज चढवून बोलणं, वरचेवर घसा खाकरणं, यानेही स्वरतंतू दुखावतात.

आवाज बसला की माणसं कुजबुजू लागतात. त्यानेही ताण येऊ शकतो. त्यापेक्षा गप्प राहावं, पाणी प्यावं.

घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच टाळू नये.