शिधापत्रिकेवर नसलेले कुटुंबीय

संकट आले म्हणजे सरकारदरबारी माणसांची मोजदाद सुरू होते. घरात माणसे किती, त्यांत वृद्ध किती, मुले किती, कोणास कोणता विकार आहे, हे सारे विचारले जाते आणि ते विचारले जाणे योग्यच होय. कोरोनाच्या साथीत वऱ्हाडातील घरोघरी अशी विचारपूस झाली. परंतु त्या काळात घरात कोंडला गेलेला प्रत्येक जीव त्या यादीत उतरला होता असे मात्र नाही. उंबरठ्याशी अंग टाकून पडलेला कुत्रा, माळ्यावर व्यालेली मांजर, पिंजऱ्यातला पोपट, परसात बांधलेली शेळी हीदेखील त्याच घराची माणसे होती. त्यांची नावे शिधापत्रिकेवर नव्हती, एवढेच. आता त्या दिवसांना काही वर्षे लोटली. भीती ओसरली आणि भीतीबरोबर आठवणही ओसरू लागली. म्हणूनच त्या काळाने शिकविलेला एक लहानसा धडा वेळीच नोंदवून ठेवणे अगत्याचे वाटते.

जुन्या साथींची रीत वेगळी होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो गावोगाव पसरला, तेव्हा त्यावरील उपाय घर सोडण्याचा होता. उंदीर पडू लागले की लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहत आणि गुरेढोरेही त्यांच्यासवे रानात जात. कोरोनाचा उपाय नेमका उलटा, म्हणजे घर धरून बसण्याचा. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली. वऱ्हाडाच्या वाट्याला तर ती अधिक आली. राज्यात अन्यत्र व्यवहार बव्हंशी सुरू असताना 22 फेब्रुवारी 2021 च्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर ही शहरे पुन्हा बंद झाली. अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर यांवरही तीच वेळ आली. एका आठवड्याची म्हणून सुरू झालेली ही बंदी 8 मार्चपर्यंत लांबली.

या बंदीच्या आधीच अफवांनी आपले काम केले होते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी आवई 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर उठली आणि कोंबड्यांचा भाव पार कोसळला. अमरावतीच्या आसपास कुक्कुटपालनावर पोट असणाऱ्यांना विषाणू येण्यापूर्वीच त्याची झळ लागली. पाठोपाठ संशयाचे बोट घरच्या कुत्र्या-मांजरांकडे वळले. हाँगकाँगमध्ये एका पाळीव कुत्र्यात विषाणूचा अंश आढळला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीस लागण झाली, या बातम्या वाचून काहींचा धीर सुटला. वास्तविक या प्रकरणांचा अर्थ निराळा होता. तो विषाणू माणसाकडून जनावराकडे गेला होता. भय बाळगायचे असेल तर ते त्यांनी आपले बाळगायचे होते.

रकाना रिकामा राहिला

शासन या बाबतीत अगदीच बेफिकीर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 24 मार्च 2020 च्या केंद्रीय आदेशात पशुखाद्याची दुकाने बंदीतून वगळली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्यात पशुवैद्यकीय दवाखान्यांची भर घातली गेली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही राज्यांना मुक्या प्राण्यांच्या अन्नपाण्याची व्यवस्था पाहण्यास कळविले होते. कागदावर तरतूद होती. प्रश्न कागदापलीकडचा होता. पाळीव जनावराचे सारे जीवन एखाददुसऱ्या माणसाच्या हातावर चालते. तो हातच रुग्णालयात गेला, तर काय करायचे?

हा प्रश्न 2021 च्या एप्रिलअखेरीस माझ्याच घरात येऊन उभा राहिला. माझी थोरली बहीण अकोल्यास असते. ती आणि भाऊजी दोघेही एकाच दिवशी आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. घर बंद झाले, फाटकावर फलक लागला आणि अंगणात मोती नावाचा त्यांचा गावठी कुत्रा राहिला. शेजारीपाजारी स्वतःच दारे लावून बसलेले. मी अमरावतीस. मध्ये शंभर किलोमीटरांचा रस्ता आणि जिल्ह्याची हद्द. त्या दिवसांत जिल्हा ओलांडावयाचा तर परवाना लागे. अर्ज मी समोर घेतला. प्रवासाचे कारण लिहावयाचे होते. रुग्णांना भेटता येणार नव्हते, हे ठाऊक होते. खरे कारण एकच होते की, एक कुत्रा उपाशी आहे. ते लिहावयास माझा हात धजला नाही. लोक श्वासासाठी तडफडत असताना कुत्र्यासाठी परवाना मागणारा हा कोण शहाणा, असे कोणी म्हणेल याची लाज वाटली. रकाना रिकामा राहिला आणि अर्जही तसाच राहिला.

मोती वाचला तो दूधवाल्यामुळे. दूध ही जीवनावश्यक वस्तू असल्याने त्याची फेरी चालू होती. दूरध्वनीवर मी त्याला अडचण सांगितली, तेव्हा तो आपल्या अस्सल वऱ्हाडीत म्हणाला, "भाऊ, मानसाले पास भेटते, कुत्र्याले कोन देईन? मी टाकतो त्याले भाकर, तुमी नका करू काळजी." रोज सकाळी तो भिंतीवरून भाकर टाकी आणि फाटकाच्या फटीतून पाण्याचे भांडे आत सरकवी. अकोल्याच्या उन्हात पाण्याची ही सेवा लहान समजू नये. आदल्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तेथील पारा 47 अंशांच्या वर गेला होता. सतराव्या दिवशी बहीण घरी आली. भाऊजी आले नाहीत.

त्यानंतरचे तिचे दिवस कसे गेले, हे एकदा तिनेच सांगितले. घराबाहेर पडण्याची सोय नव्हती, सांत्वनास कोणी येऊ शकत नव्हते, चूल पेटविण्याची वासना उरली नव्हती. "मोतीला भाकर लागते म्हणून मी पीठ मळत असे. त्याची भाकर थापली की तवा तापलेलाच असे, म्हणून मग एक माझी." तिच्या या बोलण्यात तत्त्वज्ञान नव्हते आणि ते तिला अभिप्रेतही नव्हते. परंतु घरातील मुका जीव माणसास काय देतो, याचे याहून नेमके उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

कोचीचा गृहस्थ आणि आपण

जे लिहावयाची मला लाज वाटली, ते केरळातील एका गृहस्थाने थेट न्यायालयासमोर मांडले होते. कोचीच्या या गृहस्थाकडे तीन मांजरे होती. घर शाकाहारी, मांजरे एका विशिष्ट खाद्यावर वाढलेली. ते आणण्यासाठी वाहनाचा परवाना त्याने मागितला आणि तो नाकारला गेला. तेव्हा त्याने केरळ उच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि 6 एप्रिल 2020 रोजी न्यायालयाने त्यास जाण्याची मुभा दिली. जल्लीकट्टूसंबंधीच्या 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार देऊन प्राण्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, याचे न्यायालयाने स्मरण करून दिले. देश बंद असताना तीन मांजरांसाठी न्यायासन बसते, ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. त्या गृहस्थाने रकाना भरला, मी भरला नाही, हाच काय तो फरक.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. माणसे मरत असता कुत्र्या-मांजरांचे काय घेऊन बसलात? आक्षेप तळमळीचा आहे, परंतु तो एक गोष्ट गृहीत धरतो की, माणसाचे हित आणि त्याच्या जनावराचे हित ही परस्परांच्या विरोधात आहेत. अनुभव याच्या उलट आहे. 2005 मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स बुडविले, तेव्हा आपली कुत्री-मांजरे नेता येत नाहीत म्हणून अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला आणि स्वतःचे जीव धोक्यात घातले. त्यातून बोध घेऊन 2006 मध्ये अमेरिकेने कायदाच केला की, आपत्तीच्या प्रत्येक योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. तो भूतदयेचा कायदा जितका होता, तितकाच माणसे वाचविण्याचाही होता.

बिल्ला असलेले आणि नसलेले

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाने आपल्याच अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील गोधनास घेरले. या वेळी टाळेबंदी जनावरांची होती. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, आजारी बैल वेगळ्या गोठ्यात बांधले गेले. परंतु या टाळेबंदीत जनावरास नोंद होती. कानात बारा अंकी बिल्ला मारण्याची पद्धत रूढ झाली होती. लस मोफत मिळाली. मृत गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपयांचे साहाय्य राज्य शासनाने ठरविले. हे सारे प्रत्येकाच्या दारी वेळेवर पोहोचले की नाही, हा वेगळा वाद. मुद्दा असा की, ज्याची नोंद असते, त्याची काळजी घेण्यास व्यवस्थेला काही आधार सापडतो. पशुगणनेत कुत्र्यांचीही संख्या मोजली जाते खरी. पण संख्या म्हणजे जबाबदारीची नोंद नव्हे.

जबाबदारीचा हा प्रश्न टाळेबंदी उठल्यावर अधिकच उघडा पडला. बंद घरात करमणूक म्हणून अनेकांनी पिले आणली. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात थंड प्रदेशातील दाट केसांची कुत्री पाळण्याची हौसही काहींनी केली. कामधंदे सुरू होताच यांतील काही जीव रस्त्यावर आले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या अपराधास त्या कायद्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा! भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत 2025 मध्ये जो वाद गाजला, त्यात सोडणाऱ्यांची चर्चा फार थोडी झाली. रस्त्यावरील प्रत्येक कुत्रा रस्त्यावरच जन्मलेला नसतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अमरावती व अकोला महानगरपालिकांनी पाळीव कुत्र्यांची नोंदणी नाममात्र शुल्कात आणि रेबीजच्या लसीसह करावी. लसीकरणाची जबाबदारी मालकाची आहे, हे 2023 च्या नियमांनी स्पष्टच केले आहे. अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तिचे ज्ञान या कामी घेता येईल. नोंदणीच्या अर्जातच 'मालक आजारी पडल्यास जनावर कोण सांभाळील' असा एक रकाना असावा. जिल्ह्याच्या आपत्ती योजनेत आणि प्रवास परवान्याच्या कारणांत मुक्या जीवांचा उल्लेख असावा, म्हणजे माझ्यासारख्या भिडस्तास लाज वाटण्याचे कारण उरणार नाही. यास मोठा निधी लागत नाही.

ही भूमी गाडगे महाराजांची आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाची गुरे राखून वाढलेल्या या महापुरुषाने देवापुढे कापल्या जाणाऱ्या बकऱ्या-कोंबड्यांसाठी आयुष्यभर कंठशोष केला. ज्या गाडग्यावरून त्यांना नाव मिळाले, तसले एक मातीचे गाडगे पाणी भरून अंगणात ठेवणे कोणासही अशक्य नाही. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती आली आणि एखाद्या घराच्या फाटकावर पुन्हा फलक लावण्याची वेळ आली, तर लावणाऱ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: आत मुके कोणी राहिले आहे काय?