जानेवारी आणि जुलैचा कागद

जुलै उजाडला की आमच्या सोसायटीच्या कार्यालयात एक कागद येतो. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं शासनाचा परवाना असलेली एजन्सी त्यावर लिहून देते. जानेवारीत पुन्हा तोच कागद.

या कागदामागे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' आहे. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. आग म्हणजे बंबवाल्यांचं काम, ही आपली जुनी समजूत. या कायद्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली. भोगवटादार म्हणजे जागा वापरणारा, भाड्याने दुकान चालवणारासुद्धा. मूळ कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं सक्तमजुरी आणि 20 ते 50 हजारांचा दंड आहे. इमारत धोकादायक ठरली तर वीज-पाणी तोडण्याचा अधिकारही आहे.

गेल्या जुलैत मी तपासनिसाबरोबर गच्चीपासून तळापर्यंत उतरलो. सातव्या मजल्यावरच्या लाल पेटीत होज होता, नोझल नव्हतं. पितळेचं असल्यामुळे ते चोरीला जातं. पंपाच्या खोलीत स्विच 'मॅन्युअल'वर. हे मात्र मला हादरवून गेलं. पाइपात पाणी कायम दाबाखाली असतं. दाब उतरला की पंप आपोआप सुरू व्हायला हवा. आमच्याकडे एक जोड गळत होता, त्यामुळे छोटा पंप रात्रभर चालू-बंद व्हायचा. "आवाजाची तक्रार आली, काका, म्हणून बंद केला," वॉचमन म्हणाला. त्याची काय चूक? गळती काढायचं काम आमचं होतं. आणि जानेवारीच्या कागदावर सगळं ठीक होतं.

29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षातली 10 बाळं गेली. दोन्ही वेळा कायदा लागू होऊन वर्षं लोटली होती. दर आगीनंतर कडक कायद्याची मागणी होते. मला वाटतं, अडचण कलमांपेक्षा तपासणीत जास्त आहे: तपासणारी एजन्सी मालकच निवडतो आणि तिचे पैसेही तोच देतो. निदान फॉर्म बी स्वीकारताना चार सभासदांसमोर पंप चालवून पाहावा, तो व्हिडिओ कागदाला जोडावा, एवढं तरी नियमात यायला हवं.

जोड बदलला. स्विच 'ऑटो'वर टाकून आम्ही गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडला. काही सेकंदांत खाली पंप गुरगुरला आणि पाण्याचा फवारा कठड्यापलीकडे गेला. सातव्या मजल्याच्या नोझलचा खर्च अजून सभेत मंजूर व्हायचा आहे.