पाठीवरचा पॅसेंजर

बाइक, हेल्मेट आणि पाठीला सॅक. आयटीवाल्या पुण्याचा हा जणू ऑफिशियल युनिफॉर्म! पण सॅकमधला स्टीलचा डबा आणि तुमचा मणका यांच्यात नक्की किती अंतर आहे, हे कधी चेक केलंय?

सकाळी नऊच्या सुमारास वाकडच्या भूमकर चौकात दहा मिनिटं उभं राहून बघा. हिंजवडीकडे निघालेल्या बाइक्सची रांग आणि जवळपास प्रत्येक पाठीवर एक सॅक. काळी नाहीतर ग्रे, वर कंपनीचा लोगो, साइडच्या जाळीत पाण्याची बाटली. खराडीला जा, मगरपट्ट्याला जा, सीन सेम. संध्याकाळी हीच वरात उलट्या दिशेने.

हेल्मेटवरून आपल्याकडे काय कमी राडे झाले? १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा विरोधात मोर्चासुद्धा निघाला. सॅकबद्दल मात्र सगळीकडे शांतता. पोलीस विचारत नाहीत, एचआर विचारत नाही, आणि आईचं म्हणाल तर तिला फक्त डबा आत गेला की नाही एवढ्यातच इंटरेस्ट! पाठीला सॅक लावून बाइक चालवू नका, असं मोटार वाहन कायदाही कुठे म्हणत नाही. त्यामुळे प्रश्न ‘चालतं का?’ असा नाहीच. चालतंच. कसं चालवायचं, हा खरा मुद्दा.

म्हटलं, आधी वजन करू. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा हुक-काटा घरात होता, त्यावर माझी सॅक लटकवली. लॅपटॉप, चार्जर, डबा, एक लिटरची भरलेली बाटली, रेनकोट, पॉवर बँक, छत्री (रेनकोट असताना छत्री का, हे विचारू नका), दोन डायऱ्या. काटा ६ किलो ८०० ग्रॅमवर थांबला. ऑफिसनंतर जिमला जाणाऱ्या मैत्रिणीची सॅक ९ किलोच्या वर गेली. म्हणजे साधारण वर्षाचं पोर पाठंगुळी घेऊन ही मुलगी रोज कात्रज-देहूरोड बायपासला बाइक पळवते!

वजन तेवढंच, खेळ जागेचा

आता कुणी म्हणेल, सात किलोचं काय एवढं? डबलसीट साठ-सत्तर किलोचा माणूस बसतो तेव्हा गाडी चालतेच ना? बरोबर. पण तो माणूस सीटवर बसतो, त्याचं वजन गाडीवर जातं. सॅकचं वजन तुमच्या खांद्यांना लटकलेलं असतं, गाडीपासून उंच आणि तुमच्या मागे. वजन जितकं वर, तितका गाडीचा तोल नाजूक. सिग्नलला हळूहळू सरकताना किंवा यू-टर्न मारताना हे जाणवतं. भरलेल्या सॅकने एकदा आणि रिकाम्या पाठीने एकदा असे दोन यू-टर्न मारून बघा. फरक सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पट्टे सैल असतील तर गंमत वाढते. खड्डा चुकवायला तुम्ही झटकन डावीकडे जाता, सॅक अजून उजवीकडेच असते. तुम्ही सरळ होता, तेव्हा ती डावीकडे येते. म्हणजे तुमच्या पाठीवर एक पॅसेंजर आहे आणि तो प्रत्येक वळण अर्धा सेकंद उशिरा घेतोय. कचकन ब्रेक मारलात तर तो मानेकडे सरकणार. स्पोर्ट्‌स बाइकवर पुढे झुकून बसणाऱ्यांना हे जास्त लागू, कारण तिथे सॅकचं वजन मनगटांवर आणि मानेवर येतं. बुलेटसारख्या ताठ बसायच्या गाडीवर ते खांदे मागे खेचतं. एक खांद्यावरून तिरकी लटकवायची स्लिंग बॅग तर वळताना सरळ पोटावर, हँडलच्या आड येते. मला विचाराल तर बाइकवर ती नकोच.

आणि वारा! हवेचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढतो. ४०च्या स्पीडला सॅकवर जेवढा जोर येतो, त्याच्या चौपट ८०ला. त्यात बाजूने ट्रक गेला की फुगलेली सॅक शिडासारखी काम करते. पट्ट्यांची मोकळी टोकं याच वाऱ्यात फडफडत असतात. ओढणी चाकात अडकण्याचे प्रकार आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मागच्या चाकाचा अर्धा भाग तरी झाकणारं गार्ड, म्हणजे आपलं ‘साडी गार्ड’, केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठीच सांगितलंय. लोंबणारा पट्टा त्या ओढणीचाच धाकटा भाऊ. टोकं दुमडून रबर बँड लावला की विषय संपला.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. लेन बदलताना नुसत्या आरशावर विसंबायचं नसतं, खांद्यावरून मान वळवून बघायचं असतं, कारण आरशात न दिसणारा एक कोपरा असतोच. सॅक उंच बांधली असेल तर हेल्मेटची मागची कड तिला अडते आणि मान अर्धीच वळते. मग माणूस बघायचंच सोडून देतो.

‘पडलो तर गादी आहे की!’

या विषयावर कट्ट्यावर बोललं की हमखास येणारा हा डायलॉग. ‘अरे, उलट सॅक आहे म्हणून बरं. पाठीवर पडलो तर मऊ!’ ऐकायला पटतं. पण सॅकमध्ये काय आहे, त्यावर सगळं अवलंबून.

बाइक घसरून माणूस पडतो तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. एक, तो सीटच्या उंचीवरून खाली आपटतो. ही उंची मीटरभर धरली तर जमिनीला लागतानाचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. दुसरं, गाडीचा जो काय स्पीड होता त्या स्पीडने तो पुढे घसरत जातो. मोकळा घसरला तर कातडी सोलते, कपडे फाटतात, पण वेग हळूहळू कमी होतो. घसरताना काही अडकलं की मात्र अंग गरकन फिरतं, आणि फुगीर सॅक ही अडकायला एकदम सोयीची वस्तू.

बाइकर मंडळी जॅकेटमध्ये जो बॅक प्रोटेक्टर घालतात, त्याचं युरोपियन स्टँडर्ड आहे ईएन १६२१-२. त्याच्या टेस्टमध्ये ५ किलोचं वजन ५० ज्यूल ऊर्जेने गार्डवर आदळवतात, म्हणजे साधारण एक मीटरवरून सोडल्यासारखं. पलीकडे पोचणारा धक्का सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, ९च्या आत राहिला तर लेव्हल २. गार्डचं काम दोन प्रकारचं: धक्का शोषायचा, आणि उरलेला मोठ्या भागावर पसरवायचा. आता आपल्या सॅकमधला स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. तो शोषत तर काही नाहीच, वर सगळा धक्का आपल्या गोल कडेवर गोळा करतो. चार्जरचा ठोकळा, थर्मास, बाइकचं लोखंडी कुलूप, सगळे त्याच जातीचे. आणि बहुतेक सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून असल्यामुळे चार्जरही तिथेच कोंबला जातो, बरोबर मणक्यावर!

शिवाय गच्च भरलेली सॅक पाठीखाली आली की कंबर एकीकडे, डोकं दुसरीकडे आणि मधे उंचवटा. त्या उंचवट्यावर मणका उलटा वाकतो. अशी वाकून किंवा पिळवटून होणारी इजा चांगला गार्डसुद्धा फारशी थांबवू शकत नाही. त्यामुळे ‘गादी’ हवीच असेल तर रेनकोट, स्वेटर, टॉवेल पाठीच्या बाजूला आणि कडक वस्तू बाहेरच्या कप्प्यात. फुकटात होणारी एवढी एकच सुधारणा आहे, आजच करून टाका.

मग लॅपटॉप न्यायचा कसा?

लोक सॅक पाठीलाच का लावतात? कारण लॅपटॉप कंपनीचा आहे. पाऊस, चोरी, खड्डे, कशाचाही भरवसा नाही, आणि आपल्या पाठीवर असला की आपल्या ताब्यात. हे अगदी खरं आहे, त्यामुळे ‘सॅक वापरूच नका’ छापाचे सल्ले मी देणार नाही. पण खड्ड्यांच्या धक्क्याने हार्ड डिस्क जाईल ही भीती आता जुनी झाली. हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, तिच्यात फिरणारी तबकडीच नसते. नीट पॅड केलेल्या टेल बॅगमध्ये लॅपटॉप सुखाने प्रवास करतो.

तेव्हा पहिली पसंती, वजन गाडीवर टाका. मागच्या सीटवर टेल बॅग किंवा मागे बॉक्स. जुन्या सॅकलाच सीटवर आडवं करून इलास्टिकच्या जाळीने बांधता येतं, फक्त हुक सुटून चाकात जाणार नाही ना, हे हलवून बघायचं. टँक बॅग मस्त, पण मॅग्नेटवाली घेण्याआधी टाकीला मॅग्नेट चिकटतो का बघा. प्लॅस्टिकचं कव्हर असलेल्या टाक्यांवर तो नुसता घसरतो. स्कूटरवाल्यांचं बरं आहे, पायाशी जागा आणि सीटखाली डिकी. हँडलला मात्र काही लटकवू नका, भाजीची पिशवीही नको. ती झुलते तेव्हा हँडलही तिच्याबरोबर झुलतं.

पाठीवरच घ्यायची असेल तर सॅकचा तळ मागच्या सीटला टेकेल एवढे पट्टे सोडा. वजन सीटने उचललं की खांदे मोकळे. मग छातीवरचा आणि कमरेचा पट्टा लावून ती अंगाला घट्ट करा. बकल दाबताच सुटणारं असावं. गाठी मारण्याचा जुगाड इथे नको, अडकलात तर पटकन सुटता आलं पाहिजे. हाताला मुंग्या येत असतील तर दुर्लक्ष करू नका. पट्टा खांद्याजवळच्या नसा दाबतोय. जड ओझी वाहणाऱ्या सैनिकांत आणि ट्रेकर्समध्ये डॉक्टर याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात. ऑफिसच्या सॅकने तिथपर्यंत सहसा जात नाही, पण ताम्हिणीच्या घाटात क्लचवरचा हात बधिर झालेला कुणाला परवडेल?

डबलसीट असाल तर मागच्याची सॅक जास्त डेंजरस. त्याच्या मागे फक्त हवा! गाडीने पिकअप घेतला की सॅक त्याला मागे खेचते. त्याने सीटमागचं हँडल धरायलाच हवं, आणि तेव्हा मोबाइल खिशात.

ज्यांना चॉइस नाही

आपली सात किलोची चिंता एक तासाची. डिलिव्हरीवाली मुलं तो चौकोनी खोका पाठीला लावून दिवसभर फिरतात. खोका सॅकपेक्षा रुंद, वाऱ्याला सपाट भिंत, आणि दोन रिक्षांच्या मधून जाताना त्याचे कोपरे किती बाहेर आलेत हे मागे डोळे असल्याशिवाय कळायचं नाही. बाइकवर मागे हलका डबा बसवायला केंद्राने २०२० मध्ये नियम केलेत: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत हवी, आणि डबा डबलसीटच्या जागेवर बसवला तर मागे माणूस बसवायचा नाही.

ही शेवटची अट वाचताना वावगं काही वाटत नाही. कोथरूडमध्ये एका हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघत बसलेल्या एका मुलाशी बोललो, तेव्हा तिचा अर्थ कळला. त्याच्याकडे कॅरिअर आहे, घरी पडून आहे. रात्री बायकोची शिफ्ट सुटते, तिला आणायला मागची सीट लागते. मग खोका पाठीवर.

कॅरिअर काढायला किती वेळ लागतो, मी विचारलं.

‘पंधरा मिनिटं, सर. तेवढ्यात एक ऑर्डर जाते.’