घास अडतो, तेव्हा वयाला दोष देऊ नका

सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी सुनेसोबत माझ्या लोणंदच्या दवाखान्यात आले. तक्रार वजन घटल्याची होती. बोलता बोलता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मामंजी आता भाकरी दुधात कुस्करूनच खातात. दात गेले, वय झालं." मी आजोबांकडे पाहिले. त्यांनी छातीच्या मध्यावर बोट ठेवले. "इथं अडतंय बघा. कधी कधी पाणीसुद्धा उलटून येतं." दोष दातांचा नव्हता. वर्षभर ते आपला घास मऊ करत होते आणि घरच्यांना ते वार्धक्य वाटत होते.

गिळताना अडणे हे केवळ वयाचे लक्षण कधीच समजू नये. आधी भाकरी, मग भात, मग पेजही अडू लागली, तर अन्ननलिका अरुंद होत असण्याची शक्यता असते. त्यामागे आम्लाने झालेले व्रण असतात, तर कधी कर्करोगही असतो. घन आणि पातळ दोन्ही पदार्थ सुरुवातीपासूनच अडत असतील, तर नलिकेच्या हालचालीतील बिघाडाचा विचार करावा लागतो.

दुर्बीण आणि बेरियम

अशा वेळी बहुधा प्रथम दुर्बिणीची तपासणी करतात. तिच्यातून आतील अस्तर प्रत्यक्ष दिसते व तुकडा काढून तपासता येतो. मात्र घास खाली कसा सरकतो, कोठे रेंगाळतो, हे 'बेरियम स्वॉलो' अधिक चांगले दाखवते. जठर व लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग पाहावयाचा असल्यास त्याच तपासणीला 'बेरियम मील' म्हणतात.

अन्ननलिका साध्या क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही. बेरियम सल्फेट क्ष-किरणांना अडवते, म्हणून त्याचा घोट जाईल तो मार्ग चित्रात उमटतो. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते शरीरात जवळजवळ न शोषले जाता शौचावाटे बाहेर पडते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड येथे वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी हंसीला बिस्मथ खाऊ घालून तिच्या लांब मानेतून उतरणारा घास क्ष-किरणांखाली पाहिला. बेरियम सल्फेट १९१० च्या सुमारास प्रचारात आले.

आमच्या आजोबांच्या दुर्बिणीत गाठ आढळली नाही. बेरियमच्या चित्रात मात्र रुंदावलेली अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झाली होती. जठराच्या तोंडाशी असलेली झडप उघडतच नव्हती. पुढील तपासण्यांनंतर ती झडप फुग्याने रुंद करण्यात आली. आज ते सावकाश, पण कोरडी भाकरी खातात.

तपासणीला जाताना

तपासणीपूर्वी साधारण सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. येथे माझी एक चूक सांगतो. पहाटेच्या एस.टी.ने साताऱ्याला निघालेल्या एका आजींनी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि वाटेत त्यांना घाम फुटून चक्कर आली. गोळी कधी घ्यावी, हे मी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून ते चिठ्ठीवर ठळक लिहितो. आपणही विचारून घ्या, सकाळची वेळ मागा आणि सोबत कोणीतरी जा.

पाणी पिताना ठसका लागत असल्यास, बद्धकोष्ठ किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया असल्यास आधी सांगा. अन्ननलिकेला वा आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल, तर बेरियम देत नाहीत. पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात.

तपासणी बहुधा अर्ध्या तासात आटोपते. खडूसारख्या चवीचे पांढरे पेय घोटाघोटाने प्यायचे आणि सांगतील तसे कुशीवर वळायचे. ज्येष्ठांना वळताना आधार लागेल, हे तंत्रज्ञांना सांगून ठेवा. नंतर एक-दोन दिवस शौच पांढरट होते, घाबरू नये. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसल्यास भरपूर पाणी प्यावे. दोन-तीन दिवस शौचास न झाल्यास किंवा पोट फुगल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आज जेवताना आजी-आजोबांच्या ताटाकडे जरा लक्ष द्या. भाकरी कुस्करली जाते आहे का? प्रत्येक घासामागे पाणी लागते आहे का? तसे असेल, तर "कोठे अडते?" एवढे एकदा विचारा.